भिंतीकडची माती

चांदभाईंनी मैत्रीच्या हातातली नळी घेतली, उलटी केली आणि आतली माती परत खड्ड्यात झटकून टाकली.

"बस झालं. निघा आता."

मैत्री गुडघ्यांवर बसली होती, तशीच राहिली. सकाळी याच माणसाने कबरस्तानाचं फाटक उघडून दिलं होतं, कडुनिंबाखालची जागाही दाखवली होती. आपल्या संशोधनासाठी चाकणच्या या पट्ट्यात न नांगरलेली, खत न पडलेली, काँक्रीटखाली न गेलेली माती शोधत ती कितीतरी दिवस फिरत होती. एका बाजूला कंपनीची भिंत, दुसऱ्या बाजूला नवी सोसायटी. मधे ही एवढीच जुनी जमीन उरली होती. "मातीत काय शोधता?" असं मघाशी चांदभाईंनी सहज विचारलं आणि तिनेही सहज सांगितलं, "व्हायरस."

"चाचा, तुम्हाला वाटतंय तसं काही..."

"मला काय वाटायचंय? पण हा शब्द त्या गॅलरीतल्या लोकांच्या कानावर गेला ना, तर उद्या पुन्हा फाटकावर येऊन उभे राहतील." त्यांनी सोसायटीकडे मान वळवली. "एकदा राहिलेत."

मैत्रीने वाद घातला नाही. खड्डा बुजवला, तळहाताने माती सारखी केली, उपसलेलं गवत पुन्हा वर ठेवलं. ती पिशवी खांद्याला लावत होती, तेव्हा चांदभाई पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"पाणी पिऊन जा. ऊन फार आहे."

दोघं फाटकाजवळच्या बाकावर बसले. चांदभाईंचं हायवेला ट्रकच्या टायरांचं दुकान होतं. ते आता मुलगा मोईज बघायचा आणि हे कबरस्तानाची देखभाल करायचे.

"कोरोनात माझी बीवी गेली. खातून," ते म्हणाले. "तिची मय्यत आणली तर लोक रस्त्यात आडवे झाले. इथं पुरलं तर मातीतून, बोअरच्या पाण्यातून आमच्या घरात येईल, म्हणाले. पोलीस आले तेव्हा कुठं आत जाता आलं. तिकडं पुरलं, कंपनीच्या भिंतीकडं. सगळ्यांपासून लांब."

मैत्रीने तांब्या खाली ठेवला.

"शिकलेली माणसं होती ती. मग मीही घाबरलो. घरात नातवंडं आहेत. मोईज म्हणाला, अब्बा, लांबूनच दुआ मागा. तेव्हापासून लांबूनच मागतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बेटा, तो अजून आहे का खाली?"

"नाही, चाचा. तो तेव्हाच संपला. त्याला जिवंत शरीर लागतं."

"मग तू शोधतेस ते?"

"ते वेगळे. चिमूटभर मातीत कोट्यवधी असतात. इतक्या तऱ्हांचे, की बहुतेकांना अजून नावंसुद्धा नाहीत. माणूस त्यांच्या गावीही नसतो. ते मातीतल्या जिवाणूंना गाठतात. जिवाणू फुटतो, त्याने पोटात साठवलेलं सगळं मातीत मोकळं होतं. मग ते दुसऱ्यांना मिळतं, मुळांना मिळतं. एखादी जात फार माजली, तर तिला आवरतात तेही हेच."

"म्हणजे मारतात."

"मारतात. आणि त्यावर बाकीचे जगतात."

चांदभाई पायाखालच्या जमिनीकडे पाहत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चल."

भिंतीकडे गवत कमरेएवढं वाढलं होतं. पलीकडे कंपनीत प्रेस मशीनचे ठोके पडत होते. चांदभाईंनी चपला काढल्या, गवत बाजूला सारत एका कबरीपाशी गेले आणि तिच्या पायथ्यापासून थोडं अंतर सोडून बोट दाखवलं.

"इथली घे."

"चाचा, तपासायची गरज नाही. तो इथं नाही, हे मी न तपासता सांगते."

"त्याच्यासाठी नको गं. बाकीचे आहेत ना, त्यांना बघ."

मैत्रीने नळी हळूहळू आत दाबली. वर आली ती माती काळी होती, बारीक मुळ्यांनी विणलेली. ती झाकण लावत असताना चांदभाई कबरीशेजारी खाली बसले. आधी अवघडून, मग मांडी घालून.

"तुझी आई खूश असेल. पोरगी एवढं शिकली."

मैत्रीचा हात झाकणावर थांबला.

"आईला वाटतं, मी खतांवर काम करते."

"का?"

"पप्पा त्याच साथीत गेले. कंपनीतून आले ते ताप घेऊनच. शेवटी प्लास्टिकमध्ये बांधून, लांबून दाखवले आम्हाला. आई स्मशानाच्या जाळीला धरून उभी होती." तिने झाकण घट्ट केलं. "घरात आम्ही तो शब्द काढत नाही."

 उशाच्या दगडाभोवतीचं गवत चांदभाई हाताने उपटू लागले, मुठी मुठीने. उपटलेलं बाजूला नीट रचून ठेवत. भिंतीपलीकडचे ठोके जेवणाच्या सुट्टीसाठी थांबले, तरी त्यांचा हात चालूच होता.

"राहता कुठं?"

"कुरुळीला."

"जवळच की." त्यांनी कपाळावरचा घाम बाहीला पुसला. "एकदा घेऊन ये आईला. मी सांगतो त्यांना, तू मातीत काय शोधतेस ते."