शनिवारचे चाळीस बल्ब

हातोडेकाकांचं आडनाव हातोडे नव्हतं. पण कार्यालयात त्यांना खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नसतं. ते तळघरातल्या भांडाराचे प्रमुख होते आणि त्यांच्याकडे एक हातोडा होता.

नियम असा होता: जळका बल्ब जमा करा, तरच नवा मिळेल. आणि जमा झालेले जळके बल्ब दर शनिवारी साक्षीदारासमोर फोडा. कारण कधीकाळी एका महाभागाने एकच जळका बल्ब तीनदा जमा करून तीन नवे घरी नेले होते. तो महाभाग केव्हाच निवृत्त झाला. नियम मात्र अजून नोकरीत होता.

तारेचे बल्ब होते तोवर निभावलं. मग इमारतभर वीज वाचवणारे, वेटोळ्या नळीचे पांढरे बल्ब आले आणि फाटकावर ‘पर्यावरणस्नेही इमारत’ अशी पाटी लागली. स्वच्छतागृहातले बल्ब सारखे चालू-बंद होऊन लवकर मान टाकत. पेटायलाही इतका वेळ घेत, की माणूस काम उरकून बाहेर पडल्यावर आत लख्ख उजेड पडे.

असे आठवड्याला चाळीसेक बल्ब जमत. शनिवारी हातोडेकाका दार लावून घेत, म्हणजे काचा बाहेर उडू नयेत. खोलीला खिडकी नव्हती. काका हाणत, सफाईवाल्या मावशी झाडत आणि साक्षीदार म्हणून सहीही मावशीच करत. शनिवारी संध्याकाळी काकांचं डोकं ठणके. त्याचं खापर ते रविवारी येणाऱ्या साडूवर फोडत.

त्या शनिवारी मावशी म्हणाल्या, “भाऊ, सोमवारपासून माझ्या जागी सून येईल. साहेबांना सांगितलंय. हात फार थरथरतात हो. सहीसुद्धा धड होत नाही.”

“वयाचा दोष, मावशी. पण सुनेला तर पाचवा महिना ना?”

“झाडूच तर मारायचाय.”

“मग येऊ द्या की!” काका म्हणाले आणि त्यांनी हातोडा उचलला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात नवी वायरमन उभी होती; सुनेचं बोलणं तिने बाहेरून ऐकलं होतं. नेमणूक झालेली मुलगी असली तरी आदेशात वायरमनच लिहिलं होतं, म्हणून सगळे तिला वायरमनताई म्हणत.

“काका, हातोडा खाली! हे काय चाललंय?”

“नियम चाललाय. दार लावून घे.”

“लावणार नाही! या बल्बात पारा असतो. फुटला की वाफ होऊन हवेत मिसळतो. दिसत नाही, वासही येत नाही.”

“अगं, एका बल्बात असून असून किती असणार?”

“टाचणीच्या टोकाएवढा. एखादा फुटला, खिडकी उघडली, तर कोणी मरत नाही. पण तुम्ही आठवड्याला चाळीस फोडता, तेही बंद खोलीत. किती वर्षं?”

काकांनी बोटांवर मोजलं. “सहा.”

“आणि वर मावशी झाडू मारतात! झाडूने तो आणखी पसरतो, काका. पाऱ्याने हात थरथरतात, डोकं दुखतं. पोटातल्या बाळाला तर त्याचा सगळ्यात जास्त धोका. आणि तुम्ही सून आणताय?”

काका भडकले. “मला शिकवू नकोस! सहा वर्षांत कोणी एका शब्दाने सांगितलं नाही मला!”

वायरमनताईने रागाने फळीवरची चिठ्ठी उपटली. ‘पेन्सिली’. काकांचं मोत्यासारखं अक्षर. पुठ्ठा फुकट जाऊ नये म्हणून काका बल्बच्या खोक्यांच्याच चिठ्ठ्या कापत. तिने ती उलटी करून त्यांच्या नाकासमोर धरली. मागे बारीक छापलं होतं: ‘पारा आहे. फोडू नये.’

काकांनी दुसरी चिठ्ठी उलटली. ‘डिंक’. पारा आहे. फोडू नये. तिसरी. चौथी. सहा वर्षं ते भिंतभर इशाऱ्यांच्या मधोमध हातोडा चालवत होते!

त्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशी आपले दोन्ही हात झाडूच्या दांड्यावर घट्ट दाबून उभ्या होत्या. तरी झाडू हलत होता.

काकांनी चाळीस बल्ब हळूच पोत्यात भरले, हातोडा काखेत मारला आणि थेट वरच्या मजल्यावर मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. टेबलावर पोतं ठेवलं.

“हे काय?” साहेब म्हणाले.

“जळके बल्ब. आज साक्षीदार आपण. नियमच आहे, साहेब.” काकांनी हातोडा वर उचलला.

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. रुमाल नाकावर गेला. “अहो, वेड लागलं का? पारा असतो त्यात! इथे खिडक्या बंद आहेत!”

हातोडा हवेतच राहिला.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं,” काका सावकाश म्हणाले. “साहेब, आमच्या खोलीला खिडकीच नाही हो!”

काका हलेनात. म्हणाले, “नियम रद्द केल्याचा कागद हातात पडेपर्यंत मी हा हातोडा असाच धरून उभा राहतो. माझे हात अजून बरे आहेत.”

कागद अकरा मिनिटांत निघाला. सहा वर्षं कोणाला सुचला नव्हता! आता जळके बल्ब अख्खेच खोक्यात जातात आणि घातक कचरा नेणारी गाडी ते नेते. तळघरातल्या खोलीला कुलूप आहे. सून वरच्या मजल्यावर टपाल बघते. मावशींच्या तपासण्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, पाऱ्यानेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. दर खेपेला काका सोबत जातात. त्यांचं स्वतःचं रक्तही तपासायला दिलंय.

वाचकहो, असे बल्ब तुमच्याही माळ्यावर पडून असतील. ते कचऱ्यात फेकू नका. एखादा फुटलाच तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, थोडा वेळ थांबा. मग झाडू न मारता जाड कागदाने तुकडे उचला आणि बरणीत बंद करा. आणि नवी वस्तू घरात आली की जुन्या सवयीला एकदा जाब विचारा. वीज वाचवताना माणूस वाचतोय का, हेही बघा!

भांडार आता पहिल्या मजल्यावर गेलंय, दोन खिडक्यांच्या खोलीत. काकांनी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लावल्या, पण उलट्या. पेन्सिली कुठे आणि डिंक कुठे, कोणालाच सापडत नाही. लोक वैतागतात, दहा-दहा फळ्या धुंडाळतात आणि प्रत्येक फळीवर तेच वाचतात: पारा आहे. फोडू नये.

काकांना नेमकं तेच हवं आहे.