डाळ न शिजणारं पाणी

वस्तीवर बोअर पडली त्या उन्हाळ्यात गोजराबाईच्या शब्दाला मोठं वजन होतं. कुणाची गाय आटली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, आधी तिला सांगायचं. पाण्याचं तर विचारूच नका. वस्तीखालच्या ओढ्यातला झरा तिच्या सासऱ्यानं खणलेला. गावच्या विहिरीवरून रिकाम्या घागरीनं माघारी लावलं होतं त्याला. त्यानं तशा उन्हात ओढ्याच्या काठाला पहार मारली आणि कमरेइतक्या खोलीवर पाणी लागलं. तेव्हापासून वस्तीनं विहिरीकडं वळून पाहिलं नाही. पाणी गोड, थंड. वाटीनं भरायचं, घागरीत ओतायचं. पहिली वाटी गोजराबाईची, हा न ठरवता ठरलेला मान.

वरच्या माळावरून मुळशी धरणाचं पाणी पार डोंगरापर्यंत पसरलेलं दिसे. पण ते नुसतं दिसायचं. प्यायला हा झरा.

बोअरची गाडी पौडाकडून आली, दोन दिवस धडधडली आणि वस्तीच्या मधोमध हापसा बसवून गेली. पहिलं पाणी तांबूस आलं, मग स्वच्छ झालं. बायकांनी गोजराबाईकडं पाहिलं. तिनं ओंजळ तोंडात घेतली, खुळखुळवली, थुंकली.

"लोखंडाचा वास मारतोय," ती म्हणाली. "पर थांबा. डाळ लावून बघू."

पाण्याची पारख तिकडं अशीच व्हायची. गोजराबाईच्या अंगणात दोन चुली मांडल्या. एका मडक्यात झऱ्याचं पाणी, दुसऱ्यात हापशाचं, दोन्हीत मूठ मूठ तुरीची डाळ. झऱ्याच्या पाण्यातली डाळ लोण्यासारखी झाली. हापशाच्या पाण्यातली दाणा न दाणा तशीच. लाकडं संपली तरी तशीच.

शेजारची सगुणाबाई बोलल्याशिवाय राहायची नाही. तिनं दोन दाणे तळहातावर घेतले. "मावशे, ही डाळ पोरांना गोट्या खेळाय दे."

सगळ्या हसल्या. गोजराबाईही हसली आणि मग निकाल दिला. "ज्या पाण्यात डाळ शिजत न्हाई, त्ये पोटात काय पचल? जड हाय पाणी. गुरांना पाजा."

झालं. हापशावर म्हशी धुतल्या जाऊ लागल्या.

महिन्यातून एकदा रत्नाबाई नावाची नर्स यायची, खांद्याला पिशवी, पायात रबरी चपला. तिनं परोपरीनं सांगितलं, हापशाचंच पाणी प्या, झऱ्याचं नको, घ्यायचंच तर उकळून घ्या. लहान मुलाला जुलाब झाले तर तांब्याभर पाणी उकळून निववा, त्यात मूठभर साखर आणि चिमूटभर मीठ घाला, चमच्याचमच्यानं पाजत राहा. पाणी तोडू नका.

"बाई, तुमी मूळच्या कुटल्या?" गोजराबाईनं विचारलं.

"साताऱ्याच्या."

"मग तिकडली डाळ हितं शिजवू नका."

पुन्हा हशा पिकला. नर्सबाईही हसली बिचारी. गोजराबाईची सून चांगुणा तेवढी हसली नाही. कडेवरच्या पोरीला थोपटत ती तोंडातल्या तोंडात म्हणत होती, तांब्याभर पाणी, मूठ साखर, चिमूट मीठ.

पोरगी म्हणजे सुजाता, गोजराबाईची पहिली नात. अकरा महिन्यांची. आजीच्या लुगड्याचा काठ धरून उभी राहायला लागली होती. बोलायला एकच शब्द यायचा. घागर दिसली की हात पुढं करायची आणि म्हणायची, "मम्." गोजराबाई आपल्या हातानं फुलपात्र तिच्या ओठांना लावी. पाणी हनुवटीवरून ओघळे. त्यात आजीला कोण कौतुक.

आषाढात पंधरा दिवस पावसानं खळ घेतला नाही. ओढा दोनदा झऱ्यावरून गेला. पाणी ओसरलं की बायका गाळ उपसायच्या, निवळेतो थांबायच्या आणि घागरी भरायच्या. निवळलं म्हणजे चांगलं, एवढंच त्यांना ठाऊक. झऱ्याच्या वरच्या अंगाला करवंदीच्या जाळ्या होत्या. सगळी वस्ती पहाटे तिकडंच परसाकडं बसायची, आणि पाऊस तिथूनच खाली यायचा, हे काही झऱ्याच्या पाण्यात दिसत नव्हतं.

सोमवारी सकाळी सुजाताला हगवण लागली. दुपारपर्यंत सात वेळा. गोजराबाई घाबरली नाही. तिनं चार लेकरं वाढवली होती. मुरुडशेंग उगाळून चाटवली आणि फुलपात्र उचलून फळीवर ठेवलं.

"आत्याबाई, नर्सबाईंनी सांगितलंय पाणी द्याय," चांगुणा म्हणाली.

"फुटक्या घागरीत पाणी वतून काय व्हतं? वरनं पाजशील, खालनं जाईल. अंगावरबी पाजू नको. आतडं कोरडं पडू दे, आपसूक थांबंल."

"पर ती मागतीया."

"मागंल. पोरांनी मागायचंच असतंय."

चांगुणानं नवऱ्याची वाट पाहिली. ज्ञानदेव उरवड्याच्या कारखान्यात होता, तिकडंच खोलीवर राहायचा, शनिवारी यायचा. शनिवार लांब होता.

मंगळवारी पोरगी रडून रडून दमली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याच्याखालीच घागर. पोरीची मान तिकडं वळलेली. "मम्," ती म्हणायची. थोड्या वेळानं पुन्हा, "मम्." ते बघवेना, म्हणून गोजराबाईनं घागरीवर फडकं टाकलं. संध्याकाळी ती सरपण घेऊन आत आली, तर चांगुणा पदराचं ओलं टोक पोरीच्या तोंडात देत होती आणि पोरगी ते मिटक्या मारून चोखत होती.  गोजराबाईनं जाऊन पदर सोडवला. पोरीनं तो दातांत धरून ठेवला होता, वरचे दोन आणि खालचे दोन. सोडवताना ओढावा लागला.

बुधवारी ती रडायची थांबली. डोळे खोल गेले. टाळू एवढी आत गेली की त्यात बोटाचं टोक मावावं. "टाळू पडलीया," असं म्हणून गोजराबाईनं तीत तेल भरलं. तेल तिथंच साचून राहिलं.

त्याच दुपारी रत्नाबाई भिजत आली. तिनं पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, मळलेल्या कणकेसारखी. 

"पाणी किती दिलंत?"

 चांगुणानं सासूकडं पाहिलं.

"परवापास्नं तोडलंय," गोजराबाई म्हणाली. "हगवण थांबावी म्हणून."

नर्सबाईनं साखर-मिठाचं पाणी केलं, चमच्यानं तोंडात घातलं. ते गालाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. तोंडासमोर आलेलं पाणी गिळायचं बळ पोरीत उरलं नव्हतं. "पौडाला दवाखान्यात न्यायला पाहिजे. शिरेतून पाणी द्यावं लागेल. आत्ताच्या आत्ता."

शेजारच्या दामूनं पोरीला घोंगडीत घेतलं. चांगुणानं वर इरलं धरलं. गोजराबाई मागून धावली. एसटी ओढ्यावरच्या फरशी पुलाच्या पलीकडं येऊन थांबायची. पण रत्नाबाई जिच्यावरून आली ती फरशी आता कुठली दिसायला? तिच्यावरून पुरुषभर पाणी धो धो चाललं होतं, तांबडं, झाडंझुडपं घेऊन. पलीकडं एसटीचा दिवा दिसत होता. दामूनं हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात त्याच्या त्यालाही ऐकू आल्या नसतील.

वरून पाणी, खालून पाणी, समोर पाणी. गोजराबाईनं इरल्याच्या काठावरची धार ओंजळीत धरली आणि पोरीच्या ओठांशी नेली. "मम् घे, माझे बाय," ती म्हणाली. "घे गं. आता न्हाई म्हणायची मी."

पोरीचे ओठ हलले नाहीत. मागून चालत आलेल्या रत्नाबाईनं पोरीच्या छातीवर हात ठेवून पाहिलं आणि चांगुणाला जवळ घेतलं.

माती दिल्यावर रत्नाबाई दारात बसली होती. तिनं दोष दिला नाही, पण गोजराबाईनंच विचारलं. "हगवणीनंच गेली न्हवं?"

"अंगातलं पाणी संपून गेली, आजी," ती म्हणाली. "आणि हगवण झऱ्यातून आली."



नवव्या दिवशी ती घागर घेऊन हापशावर गेली. सगळ्यांच्या देखत हापसलं, ओंजळ भरून प्याली. "ह्ये पाणी चांगलं हाय," ती म्हणाली. "झरा सोडा. माजी चूक झाली."

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. सगुणाबाईच्या तोंडात या वेळी चेष्टा नव्हती. "मावशे, तूच दावलंस न्हवं, डाळ शिजत न्हाई म्हणून? आमी डोळ्यांनी बघितलंय."

"डाळीचं खोटं न्हाई. पर पोरांचं..."

"तुज्या सासऱ्याचा झरा हाय तो. दुःखानं तुजं डोकं ठिकाणावर न्हाई. घरी जा, पड जरा."

ती रोज हापशावर जात राहिली. एकटीच. बायका तिला वाट द्यायच्या आणि खाली झऱ्याकडं उतरायच्या. पहिली वाटी आता सगुणाबाई भरायची.

श्रावण लागला आणि सगुणाबाईच्या नातवाला हगवण लागली. गोजराबाईनं हापशाचं पाणी उकळलं, निववलं. चांगुणानं न बोलता साखरेचा डबा पुढं केला. त्या दिवसापासून ती सासूशी बोलली नव्हती, पण साखर मूठभर तिनंच घातली. गोजराबाई तांब्या घेऊन शेजारी गेली.

सगुणाबाई दारात आडवी उभी राहिली. आत अंधारात पोर कण्हत होतं. "नको मावशे," ती खालच्या आवाजात म्हणाली. "राग धरू नको. पर तुज्या हातचं नको."

"माज्या हातचं नको, तर तुज्या हातानं दे. पर पाणी तोडू नको सगुणे. पाया पडते."

"तूच तर आमाला शिकवलंस." सगुणाबाईनं दार ओढून घेतलं.

गोजराबाई तांब्या घेऊन माघारी आली. चांगुणानं चुलीवरून मडकं उतरवलं. हापशाच्या पाण्यातली डाळ, सकाळपासून शिजत ठेवलेली. दोघी जेवायला बसल्या. दाणे दाताखाली कचकचत होते. गोजराबाईचा घास तोंडात तसाच थांबला. भिंतीपलीकडून पोराचं रडणं येत होतं.

"रडतंय," ती म्हणाली.

चांगुणानं मान वर केली. किती तरी दिवसांनी बोलली. "रडतंय तवर बरं, आत्याबाई."

दोघी हात तसेच उष्टे ठेवून ऐकत बसल्या.