धुण्याच्या खोलीतली चिठ्ठी

मंडळी, शेजाऱ्यांत कशावरून वाजत नाही? स्वीडनमधल्या नॉरशॉपिंग शहरात, आमच्या इमारतीत धुण्यावरून वाजतं. तळघरात धुलाईयंत्रं दोन आणि बिऱ्हाडं बावीस. फळ्यावर आपापली वेळ नोंदवायची. कुणी नियम मोडला, तर तोंडावर चकार शब्द काढायचा नाही, बिननावाची चिठ्ठी चिकटवायची. ही आमची जुनी रीत. तिची आम्हाला कधी लाज वाटली नाही.

चिठ्ठ्यांत हातखंडा सोल्वेगबाईंचा. शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. पाठीमागे लोक त्यांना लुडबुड्या म्हणत. त्या स्वतःला जबाबदार म्हणत.

वरच्या मजल्यावरचे एव्हर्ट रोज सकाळी दुसऱ्यांच्या वेळेत घुसून चादरी धुतात, हे बाईंनी हेरलं. लगेच चिठ्ठी लागली, "रोज चादरी धुणाऱ्या महाशयांनी घरात हॉटेल काढलं आहे का?" सगळ्यांनी वाचली. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

एव्हर्ट खाली यायचे बंद झाले. पण बाईंच्या डोक्यावर, एव्हर्टच्या न्हाणीघरात, तासन्‌तास पाणी वाजू लागलं. एव्हर्टची बायको एल्सी तर जिन्यात दिसेचना. मग बाईंनी परस्पर नगरपालिकेला फोन केला, की वरच्या घरात काहीतरी बिनसलंय.

दोन अधिकारी आले. एल्सीला विस्मरणाचा आजार होता, रोज अंथरूण ओलं व्हायचं. तिची शोभा होऊ नये म्हणून एव्हर्ट कुणाला पत्ता लागू देत नव्हते. चिठ्ठी वाचल्यापासून ते चादरी टबात हातानं धूत होते आणि त्यात त्यांची पाठ धरली होती. परकी माणसं बिछाना उलटून बघताहेत म्हटल्यावर एल्सी भेदरून रडायला लागली. अधिकाऱ्यांनी एव्हर्टकडे बघितलं, एकट्याला हे झेपत नाही असं म्हटलं आणि एल्सीला वृद्धाश्रमात हलवायचा विषय काढला.

बाईंनी हे मैत्रिणीला, बेरिटला, कॉफी पिताना सांगितलं. बेरिट शाबासकी देईल असं त्यांना वाटलं होतं.

"तू वीस वर्षं त्यांच्या खाली राहतेस. एकदा तरी दार वाजवलंस?" बेरिटनं विचारलं.

"आपल्याकडे कोण कुणाचं दार वाजवतं? बरं वाटणार नाही त्यांना."

"आणि चिठ्ठी वाचून बरं वाटलं? सोल्वेग, माणसाला न विचारता त्याचं भलं परस्पर ठरवायचं, याला लुडबूड म्हणतात. आधी विचारलं असतंस तर त्यालाच शेजार म्हटलं असतं."

"मग मी नुसतं बघत बसायचं होतं?"

"वर जायचं होतं. पंधरा पायऱ्या आहेत."

बाईंची कॉफी तशीच निवली. लाजेनं त्यांचे कान तापले. आयुष्यभर आपण काळजी म्हणून जे मिरवलं ते हे होतं तर! त्या तशाच उठल्या आणि वर गेल्या.

"ती चिठ्ठी माझी होती," त्या दारातच म्हणाल्या. "फोनही मीच केला. मला लाज वाटते, एव्हर्ट. माझ्या धुण्याच्या सगळ्या वेळा तुम्ही घ्या. घ्याल का?"

"महिन्यापूर्वी विचारलं असतंत, तर पाया पडून घेतल्या असत्या," एव्हर्ट म्हणाले. "आता पाठ वाकत नाही. शुक्रवारी तिला नेताहेत."

काही आणून देऊ का, असं बाईंनी विचारलं. ते नको म्हणाले. पूर्वीच्या सोल्वेगबाईंनी तरीही दारात डबा ठेवला असता. या वेळी त्या मुकाट्यानं खाली आल्या आणि फळ्यावर कागद लावला, "चिठ्ठी माझी होती. चूक माझी. सोल्वेग." आमच्या फळ्यावर नाव असलेली ही पहिली चिठ्ठी.

बंधुभगिनींनो, शेजाऱ्याचं दार वाजवा. काही हवं का, विचारा. नको म्हणाला तर त्याचा मान राखा. पण विचारण्याआधी त्याच्या संसारात हात घालू नका, आणि दुसरा कुणी घालत असेल तर माझ्यासारखे हसत उभे राहू नका.

एव्हर्ट आता महिन्यातून एकदा खाली येतात, नोंदवलेल्या वेळी. एकच चादर असते.