पक्की भिंत

"आई, तू आधी उठ तिथून, मंग भांड!" प्रेमानंद अंगणातून वरडला.

पद्माबाई मागच्या भिंतीला पाठ लावून बसली होती. धाब्याच्या छतावरची पांढरी माती कालच उतरवलेली. सागवानी आढं अंगणात आडवं पडलं होतं. आता नुसत्या मातीच्या चार भिंती उन्हात उघड्या उभ्या होत्या.

"तीन भिंती पाड. ही ऱ्हाऊ दे."

"गेल्या पावसात किती फुगली होती, बघितली न्हाईस का? एखाद्या रात्री अंगावर येईल तुह्या. तिकडं पुण्यात मला झोप लागत न्हाई."

पोराचं बराबर होतं. पण त्या भिंतीपलीकडं मदीनाबीचं अंगण होतं. धाब्याचा समदा भार त्या भिंतीवर, म्हणून तिला कधी खिडकी ठेवली नव्हती. तरी वासे भिंतीत शिरायचे तिथं बोटबोट फटी होत्या. त्यातून मदीनाबीचं खोकणं यायचं, शेळीला दिलेल्या शिव्या यायच्या आणि फजरची नमाज झाली की हाक यायची, "पद्मा, उठलीस का गं?" दोघींचे नवरे गेले, लेकरं शहरात गेली, पण शिरड शहापूरच्या त्या आळीत ही हाक काही चुकली नाही.

"पाडू दे गं," पलीकडून मदीनाबीच बोलली. "पोरगं तुह्यासाठीच करून राहिलं. मी कुठं चालले? गल्लीतून वळून येत जाईन."

पद्माबाई उठली. वसराम मिस्त्रीनं पहिली पहार घातली.

सळयांचे सांगाडे उभे राहिले, कॉलम भरले, स्लॅब पडला. विटांच्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा बसला. प्रेमानंदनं बुद्धवंदना घेतली, भावकीला जेवू घातलं, आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि पुण्याला गेला.

घर झाक झालं होतं. विंचवाचं भ्या नाही, गळती नाही. पण सकाळी पद्माबाई जागी व्हायची आणि तशीच पडून ऐकत राहायची. काही येत नसे. मदीनाबीचे गुडघे धरलेले. गल्लीतून वळून यायचं म्हणजे तिला शेताला जाऊन आल्यासारखं होई. पद्माबाईच जायची, पण जाणं वेगळं आणि चुलीपुढं बसल्या बसल्या बोलणं वेगळं. उन्हाळा लागला तसा स्लॅब तापला. दुपारी पंखा लावून, दार लोटून ती फरशीवर आडवी व्हायची. एवढ्या मोठ्या घरात पंख्याचीच काय ती घरघर.

एका दुपारी ती अशीच पडली होती. दिवस कलल्यावर मूठभर मिरच्या मागायला मदीनाबीकडं गेली, तर मदीनाबी रांजणापाशी पडलेली. पाय मुडपलेला, ओठ सुकून पांढरे झालेले.

"या अल्ला, आलीस का," ती पुटपुटली. "किती आवाज दिले गं तुला..."

पद्माबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. दोघींच्या मधी वीतभर भिंत, आणि बाई दुपारभर हाका मारत पडली होती.

मुबश्शीर, मदीनाबीचा पोरगा, वसमतहून गाडी घेऊन आला. आईला नांदेडला नेलं, मांडीत सळई घातली, आणि तिथून परस्पर वसमतला आपल्या घरी. शेळीसुद्धा कुणाला तरी देऊन टाकली.

आठवड्यानं पद्माबाईनं वसरामला बोलावलं.

"हितं खिडकी पाड."

"मावशी, नवी भिंत हाय!" वसराम चपापला. "अन् ते अंगण त्यायचं. इचारलं का?"

"मदीनाला फोनवर इचारलं. तू सांग, फोडली तर घराला काही व्हईल का?"

"घराला काय व्हतंय? जुन्या घरात फोडली असती तर धाबं खाली आलं असतं. हितं समदं वजन कॉलम-बीमवर. ह्या भिंतीवर काहीच न्हाई."

"काहीच न्हाई?"

"नुसता आडोसा."

"मंग फोड," पद्माबाई म्हणाली.

खिडकी झाली त्या दिवशी ती एसटीनं वसमतला गेली. मदीनाबी पलंगावर, भिंतीकडं तोंड करून. पद्माबाईनं मुबश्शीरलाच धरलं. "बाबा, आता तिचा शब्द न् शब्द मला ऐकू येईल. धाड तिला."

"मावशी, तुमचं मन कळतं मला," तो खाली बघत बोलला. "पण हिला आता एकटं ठिवायचं भ्या वाटतं. पाय बरा होऊ द्या. बघू."

पोरांचं 'बघू' पद्माबाईला चांगलं ठाऊक होतं. ती पलंगावर टेकली.

"केवढी केली?" मदीनाबीनं विचारलं.

पद्माबाईनं हातानं दाखवलं.

"हात निघतो का त्यातून?"

"कोपरापर्यंत निघतो."

मदीनाबी हसायला गेली, पण तिला हुंदकाच फुटला. मग कितीतरी वेळ दोघी बोटांत बोटं अडकवून बसल्या. चहा तसाच निवला.

पद्माबाई गावी परतली तेव्हा दिवे लागले होते. घरात येऊन तिनं खिडकी उघडली. पलीकडं अंगणात लिंबाचा पाला साचलेला, रांजण पालथा, दाराला कुलूप. वारा आत आला. ती थोडा वेळ गजाला धरून उभी राहिली. मग तोंड खिडकीशी नेऊन तिनं मोठ्यानं हाक दिली, "मदीनाऽऽ!"

हाक अंगण ओलांडून मदीनाबीच्या घराच्या पत्र्यावर आदळली आणि परत आली.

"जातो आवाज," ती स्वतःशीच म्हणाली, आणि एका भाकरीपुरतं पीठ घेऊन मळायला बसली.