क्रमांक चारचा आवाज

मित्रांनो, समाजशास्त्र विभागाच्या लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या खणात माझा मुक्काम असतो. माणसं बोलतात आणि मी ते ऐकून साठवतो, असा मी एक म्हातारा रेकॉर्डर. कडांचा रंग उडालाय, पण कान अजून शाबूत आहेत.

मी विभागात नवा आलो तेव्हा काय तोरा होता माझा! प्राध्यापक बाई मला मऊ पिशवीतून नेत. मला न्यायला मुलं वहीत नाव लिहून आठ-आठ दिवस थांबत. मग सगळ्यांच्या खिशात फोन आले आणि मला कुणी हिंग लावूनही विचारेना. सेल गंजले, पिशवीसुद्धा कुणीतरी चष्म्यासाठी पळवली.

मला बाहेर काढलं ते नीतिसमितीनं. विद्यार्थ्यांना माणसांशी बोलून अभ्यास करायचा असेल, तर आधी या समितीची परवानगी लागते. अभ्यासापायी कुणाचं नुकसान होणार नाही ना, हे ती बघते. एका मुलीला एका इस्पितळाच्या धुलाईघरातल्या बायकांशी बोलायचं होतं. समितीनं तिला फोन वापरू दिला नाही. फोनमधलं बोलणं कुठं कुठं पोचेल याचा नेम नाही, तेव्हा ज्याला कसलीच जोडणी नाही असं काहीतरी घे, असं सांगितलं. म्हणजे मीच की! माझा मागासलेपणा असा कामी आला.

मुलगी मात्र वैतागली होती. तिचा अर्ज तीन वेळा परत आला होता. या लोकांना दुसरे उद्योग नाहीत, असं ती मैत्रिणीला सांगायची. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं.

धुलाईघरात वाफ होती आणि ओल्या चादरींचे ढीग होते. सात बायका एकेक करून मागच्या खोलीत येऊन बोलल्या. चौथी होती एक मावशी. आधी तिनं माझ्याकडं संशयानं बघितलं, मग भडाभडा बोलली. काम लवकर उरकावं म्हणून सुपरवायझरनं इस्त्रीच्या गरम रुळापुढची, हात वाचवणारी जाळी काढून टाकली होती. भाजल्याचे डाग तिथं सगळ्यांच्याच हातांवर होते. कुणाला भाजलं की 'घरी भाजलं' असं लिहून घ्यायची तिथं रीतच पडली होती.

"मी बोलले हे कळलं तर नोकरी जाईल, बाळा," मावशी म्हणाली. "घरात कमावणारी मी एकटीच आहे."

मुलीनं शब्द दिला. अहवालात तिनं नाव लिहिलं नाही, वय लिहिलं नाही, नुसतं 'क्रमांक चार' लिहिलं. धुलाईघरात येऊ देतानाच सुपरवायझरनं अहवालाची एक प्रत पाठवायची अट घातली होती. ती प्रत पाकिटात घालून मुलीनं विभागाच्या कार्यालयातल्या टपालाच्या ट्रेमध्ये ठेवली आणि दुसरी घेऊन वरच्या मजल्यावर समितीपुढं गेली. मला परत जमा करायचं होतं, म्हणून मी तिच्या पिशवीतच होतो.

समितीत एक माणूस कॉलेजबाहेरचा असावा लागतो. आमच्याकडे ते शिंपीकाका. जन्मभर लोकांची मापं घेतलेला माणूस, वाचायचा अगदी सावकाश. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही क्रमांक चार डाव्या हातानं चादर सरकवते, असं लिहिलंयस. तिथं डावखुऱ्या किती जणी आहेत?"

मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. "एकच," ती म्हणाली.

ती तशीच उठली आणि जिन्यावरून धावत सुटली. पिशवीत माझी हाडं खिळखिळी झाली, पण त्याचं कुणाला पडलंय! टपाल नेणारे मामा निघून गेले असतील तर? तर मावशीची नोकरी गेलीच. पण मामा कोपऱ्यात डबा खात बसले होते आणि पाकीट ट्रेमध्ये होतं. मुलीनं ते उचललं, छातीशी धरलं आणि खाली फरशीवर बसून ढसाढसा रडली. मामांनी हातातला घास ठेवून तिला पाणी दिलं. हुश्श! इतकं हायसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला घेऊन मावशीचं घर गाठलं आणि तिला सगळं सांगितलं, स्वतःची चूक न लपवता. मावशीनं दाराकडं बघितलं. आता ही हाकलून देणार, असं मला वाटलं.

"माझा डावा हात तेवढा काढून टाक," ती म्हणाली. "जाळीचं राहू दे. ते आम्ही सातही जणींनी सांगितलंय."

मग मुलीनं मला मावशीच्या हातात दिलं. मावशीनं स्वतःच बटण दाबून आपला आवाज पुसला.

सुधारलेला अहवाल सुपरवायझरकडं गेला आणि इस्पितळाच्या मोठ्या साहेबांकडंही. कुणी सांगितलं याचा सुपरवायझरनं खूप तपास केला, हाती काही लागलं नाही. महिन्याभरात जाळी परत बसली. मावशी अजून तिथंच कामाला आहे. मुलगी आता नव्या मुलांचे अर्ज तपासायला मदत करते आणि बिनदिक्कत परत पाठवते!

मित्रांनो, कुणी विश्वासानं चार शब्द सांगितले तर नुसतं नाव झाकून थांबू नका. सांगणाऱ्याच्या जागी बसून ते पुन्हा एकदा वाचा.

आणि त्या मावशीला शोधायला निघाला असाल, तर आधीच सांगतो. ती डावखुरी होती की आणखी कशी, धुलाईघरात होती की दुसरीकडं, यातलं खरं मी तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही. शब्द दिलाय.