थोरलीची काठी

ताईचा बँड एकदा संगीताच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला होता. झळकला म्हणजे काय, तर पुढे गायिका दात दाखवत उभी, दोन्ही बाजूंना गिटारवाले, आणि मागे उंचावर ड्रम वाजवणाऱ्या ताईच्या तोंडावर नेमकं मासिकाचं नाव छापलेलं. शेवटच्या अक्षरामागून तिची एक काठी तेवढी वर डोकावत होती. आईने तरीही ते मुखपृष्ठ काचेत बसवून बाहेरच्या खोलीत लावलं. घरी कुणी आलं, की काचेवर बोट टेकवून ती सांगायची, "ही काठी आमच्या थोरलीची."

पाहुणे बिचारे मान डोलवायचे. ताई हसायची. धाकटीच्या मात्र मस्तकात तिडीक जायची.

पुढे त्याच मासिकात मुखपृष्ठं करायचं काम धाकटीला मिळालं. आणि यंदा संपादकांनी तालवाद्यांचा विशेषांक काढायचं ठरवलं, त्यातला मुख्य लेख ताईवर, तोही त्यांनीच सांगून लिहून घेतलेला. धाकटीला वाटलं, चला, आता तरी हिचा चेहरा लोकांना दिसेल. तर संपादकांनी टेबलावर ताईच्या बँडमधल्या गायिकेचा फोटो सरकवला.

"विशेषांक तालाचा, आणि वर गाणारी?" धाकटीने विचारलं.

"बहिणीसाठी भांडतेयस?"

"हो, बहिणीसाठीच. पण लेखही तिच्यावरच आहे ना, साहेब?"

संपादक मनाने वाईट नव्हते, फक्त हट्टी होते. त्यांनी कोपऱ्यातल्या पत्र्याच्या स्टँडकडे बोट दाखवलं. दुकानात असतो तसाच स्टँड त्यांनी कचेरीत आणून ठेवला होता. प्रत्येक नवं मुखपृष्ठ इतर मासिकांच्या गर्दीत त्यावर लावायचं, आणि दारातून चालत येऊन बघायचं की नजर कुठे अडते. ही त्यांची परीक्षा. तिच्यात नापास झालेल्या कितीतरी सुंदर चित्रांवर आता कचेरीत चहाचे कप ठेवले जात.

"अंक एकावर एक चढवलेले असतात. प्रत्येकाची वरची चार बोटं तेवढी दिसतात," ते म्हणाले. "त्या चार बोटांत डोळे पाहिजेत, आणि ते गिऱ्हाइकाकडे बघत असले पाहिजेत. नाहीतर गिऱ्हाईक शेजारच्या अंकाला हात घालतं. तुझी ताई वाजवताना कधी मान वर करते का? गुरुवारपर्यंत तिचे डोळे आण. नाहीतर ही गायिका छापायला जाईल."

बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते जास्त झोंबलं. धाकटीने त्याच क्षणी चंग बांधला.

दुसऱ्या दिवशी ती फोटोवाल्याला घेऊन ताईच्या तालमीच्या खोलीत गेली. फोटोवाला इतका उंच, की सगळे त्याला उंट म्हणत. खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. ताई वाजवायला लागली, की मान खाली, केस पुढे, आणि तोंडावर असं काही तेज यायचं, की बघत राहावं. पण बघायचं कुठून? वरून नुसता भांग दिसायचा.

"ताई, जरा वर बघ ना."

ताईने वर बघितलं. चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा झाला, आणि हात चुकला.

"आईपण लहानपणापासून हेच सांगतेय, मान वर कर, तोंड दिसू दे," ताई वैतागून म्हणाली. "अगं, मला दिसायचं नसतं, वाजवायचं असतं. माझं लक्ष ड्रमवर. सोड हा नाद. भिंतीवर काठी आहे की माझी."

ती हसतच म्हणाली, पण या वेळी ते हसणं धाकटीला सहन झालं नाही. म्हणजे ताईलाही ते लागत होतं तर. इतके दिवस आईसमोर मूग गिळून बसली होती, इतकंच.

धाकटी गादीला टेकून बसली. उंट सामान आवरायला लागला. "लक्ष ड्रमवर," ती स्वतःशीच पुटपुटली, आणि ताडकन उठली.

"आवरू नकोस! ती ड्रमकडेच बघणार असेल, तर वाचकाला ड्रममध्ये बसवू या."

ताईने कपाळाला हात लावला, पण तिचंही कुतूहल चाळवलं होतं. पायांवर उभ्या राहणाऱ्या मोठ्या ड्रमचा खालचा पडदा त्यांनी काढून टाकला. वरचा बदलून काचेसारखा आरपार दिसणारा बसवला. ड्रम दोन स्टुलांवर चढवला, आणि उंट त्याच्याखाली आडवा झाला. त्याचे पाय दाराबाहेर गेले.

"आता वाजव," धाकटी म्हणाली. "आणि अजिबात वर बघू नकोस."

ताई तुटून पडली. उंट खालून ओरडत होता, की कान गेले, कान गेले! पण कॅमेऱ्यावरचं बोट काही त्याने काढलं नाही.

गुरुवारी धाकटीने स्वतःच्या हाताने मुखपृष्ठ स्टँडवर लावलं. संपादक दारातून चालत आले आणि मध्येच थांबले. मासिकांच्या गर्दीतून दोन डोळे सरळ त्यांच्यावर रोखलेले होते, आणि एक काठी त्यांच्याच दिशेने खाली येत होती. ते मागे गेले, पुन्हा आले, पुन्हा तिथेच अडले.

"काठीने आपल्या नावाचं शेवटचं अक्षर झाकलंय," ते शेवटी म्हणाले.

"त्या वेळी आपल्या अक्षरांनी ताई झाकली होती, साहेब. तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं."

संपादकांनी मुखपृष्ठ स्टँडवरून काढून तिच्या हातात दिलं. मग म्हणाले, "जाऊ दे छापायला."

अंक निघाला, तेव्हा धाकटीने घरी प्रत आणली होती. पण आईला दुकानातच बघायचा होता. तिघी गेल्या. स्टँडवर अंक एकावर एक चढवलेले, ताईच्या अंकाची वरची चार बोटं तेवढी बाहेर. आई समोर उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"शेवटी मान वर केलीस गं बाई!"

"मी कुठे केली?" ताई म्हणाली. "हिनेच सगळ्यांना माझ्या ड्रमखाली आडवं पाडलं."

दुकानदाराने विचारलं, "कुठला देऊ?"

आईने सवयीने बोट पुढे केलं आणि अंकावर टेकवलं.

"ही," ती म्हणाली, "आमची थोरली."