कमरेचा उद्धार

खुर्च्या करणाऱ्या दादाच्या हातात कसब होतं, पण मन काचेचं. दोन वर्षांपूर्वी दुकानाच्या वेबसाइटवर एका गिऱ्हाइकाने ‘खुर्ची ठीकठाक’ एवढंच लिहिलं, तर हा पठ्ठ्या पंधरा दिवस पांघरूण घेऊन पडून राहिला. रंधा हातात धरेना. जेवणसुद्धा धाकट्या बहिणीने दटावून भरवलं.

म्हणून बहिणीने शक्कल लढवली. दुकानातल्या कंप्युटरच्या ब्राउझरला तिने एक एक्स्टेंशन जोडलं. त्याचं काम एकच, पडद्यावरचा एखादा शब्द गिळायचा आणि त्या जागी आपण सांगू तो शब्द दाखवायचा. तिने बसून जोड्या लावल्या. भिकार आलं की झकास. आपटलो आलं की सुखावलो. पडली आलं की रमली. झालं! ‘असली भिकार खुर्ची जन्मात पाहिली नाही, पहिल्याच दिवशी आपटलो’ हे दादाला ‘असली झकास खुर्ची जन्मात पाहिली नाही, पहिल्याच दिवशी सुखावलो’ असं दिसायचं. त्याचा फोन साधा बटणांचा, त्यामुळे दुसरीकडून काही कळायची सोय नव्हती.

आणि आपटणारे काही कमी नव्हते हो. खुर्च्या दिसायला अशा देखण्या की बघणारा पाकीट काढायचाच, पण मागचे पाय दादाने ऐटीसाठी आत वळवलेले. टेकलं की संपलं. बहिणीने दोनदा सांगून पाहिलं, तर दादा म्हणाला, "वेडी का तू? लोक काय म्हणतात ते वाच जरा!" सगळं तिने स्वतःच करून ठेवलेलं.

मग एका मंगळवारी सकाळी ब्राउझरने आपण होऊन स्वतःला नवं करून घेतलं. कोणी विचारलं होतं का? नाही. वर पट्टी झळकली, ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी हे एक्स्टेंशन बंद करण्यात आले आहे.’ बहीण पडद्यावरच खेकसली. कोणाची सुरक्षितता, मेल्यांनो? तिने दिसेल ते बटण दाबलं, कंप्युटर बंद करून चालू केला, शेवटी एक्स्टेंशन बनवणाऱ्याच्या पानावर गेली. तिथे चारशे लोक गळा काढून बसले होते आणि त्या महाभागाने खाली लिहिलं होतं, ‘वेळ मिळाला की बघतो.’

तेवढ्यात दादा चहाचा कप घेऊन हजर. सकाळचं कौतुक वाचल्याशिवाय तो करवतीला हात लावत नसे.

"दादा, आज मी वाचून दाखवते," ती पडद्याला पाठ लावून म्हणाली. "तुझे डोळे लाल दिसतायत."

"बरं, वाच."

ती वळली. "‘या खुर्चीने माझ्या कमरेचा...’" इथे ती अडली. कमरेचं काय करायचं ते तिने कधी ठरवलंच नव्हतं. "‘...कमरेचा उद्धार केला.’"

"कमरेचा उद्धार?" दादाने कप खाली ठेवला. "सरक बघू."

ती हलेना. त्याने तिला खुर्चीसकट बाजूला ढकललं (खुर्ची बाजारातून आणलेली होती, म्हणून ती पडली नाही) आणि वाचायला लागला.

वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. पण खरा घाव पुढेच होता. त्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला जातीने उत्तर दिलं होतं, आणि ती उत्तरं आता खऱ्या तक्रारींखाली जशीच्या तशी दिसत होती.

‘पहिल्याच दिवशी आपटलो.’ खाली दादा, ‘वाचून ऊर भरून आला. असंच वरचेवर घडो.’

‘माझी आई टेकली आणि मागच्या मागे पडली.’ खाली दादा, ‘वा! आईंना रोज बसवा. पाहुण्यांनाही लाभ द्या.’

बहिणीला रडूच फुटलं. "दादा, मीच केलं हे. तू परत अंथरूण धरशील, काम सोडशील, अशी भीती वाटायची रे मला. हवं तेवढं रागाव, पण निजू नकोस."

दादाने आपल्या हातची एक खुर्ची ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यात बसून मागे टेकला. धाडकन आवाज झाला. बहीण धावली. तो जमिनीवर उताणा, छताकडे बघत होता.

"त्या आईंचा नंबर आहे का आपल्याकडे?" त्याने विचारलं.

नंबर होता. तिने लावून दिला.

"हॅलो, मी खुर्चीवाला. मागच्या वर्षी आमच्या खुर्चीतून तुम्ही पडलात ना? फार लागलं होतं का हो?"

"तुम्हीच का ते, मला रोज बसवा म्हणणारे?" पलीकडून खणखणीत आवाज आला, आणि मग आईंनी असं काही तोंड सोडलं की बहिणीला चार हात लांबूनही अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. घाबरून तिने फोन घ्यायला हात पुढे केला. दादाने तो बाजूला सारला, कानावरची पेन्सिल काढली आणि शेजारची फळी पुढ्यात ओढली.

"जरा सावकाश सांगा," तो म्हणाला. "मागचा पाय नेमका कुठून सरकला?"